एक-तीन-चार-दोन

मोटार चालवायला लायसन्स लागतं. बंद पडलेल्या मोटारीविषयी मत द्यायला काहीच लागत नाही. आमच्या पद्मिनीचं बॉनेट वर गेलं की सोसायटीची सर्वसाधारण सभा नोटिशीविना भरते, आणि कोरमअभावी ती कधीही तहकूब होत नाही. चेअरमन येतात, दूधवाला येतो, पार्किंगवरून ज्यांच्याशी आमचा अबोला आहे ते दुसऱ्या मजल्यावरचे काकाही येतात. बॉनेट उघडं असेतो अबोल्याला स्थगिती असते.

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी, इंजिन 1089 सीसी. तिच्यात ठिणगी पाडण्याची जी पद्धत आहे ती चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरनं 1910च्या सुमारास रूढ केली. पुढं कित्येक दशकं जगाला तीत फारसं काही बदलावंसं वाटलं नाही. बॅटरीचे 12 व्होल्ट कॉइलमध्ये जातात. डेल्कोत, म्हणजे पुस्तकी भाषेतल्या डिस्ट्रिब्युटरमध्ये, पॉइंटची दोन चिमुकली टोकं असतात. ती जुळलेली असताना कॉइल भरते; फाकली की कॉइलमधून पंधरा-वीस हजार व्होल्टचा झटका निघतो आणि प्लगवर ठिणगी पडते. आमच्या मॅनेजिंग कमिटीचंही असंच आहे. सगळे एकत्र बसलेले असतात तोवर काही घडत नाही.

इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असलं, तर हे जुळणं-फाकणं सेकंदाला 100 वेळा होतं. मग टोकं जळणार, त्यांना खड्डे पडणार, हे ओघानंच आलं. दोन टोकांमधली फट साधारण अर्ध्या मिलिमीटरची ठेवायची, आणि ती मोजायला फिलर गेज मिळतो. आमच्या मिस्त्रींचा गेज कुणीतरी नेलेला असतो. ते लग्नपत्रिकेचा कोपरा फाडून फटीत घालतात. त्यामुळे गाडीचा स्वभाव वधूपित्याच्या ऐपतीवर ठरतो. बड्या घरचा जाड पुठ्ठा असला तर फट वाढते, कॉइलला भरायला वेळ पुरत नाही आणि हायवेवर वेग घेताच गाडी झटके देते. काटकसरी लग्नाचा पातळ कागद असला तर फट कमी पडते आणि पॉइंट लवकर जळतात. म्हणून मिस्त्रींनी मध्यमवर्गीय मंगल कार्यालयाची एक पत्रिका टूलबॉक्समध्ये जपून ठेवली आहे. त्या जोडप्याला आता नातवंडं असतील.

पावसाळ्यात तर सभेला ऊत येई. डेल्कोच्या टोपीला ओल लागली की करंट प्लगकडं जायचं सोडून भलतीकडंच पळतो. हिंदमाताच्या पाण्यात गाडी थांबली की शेजारून जाणारा टॅक्सीवाला काच खाली करून ओरडायचा, "डेल्को पुसा, डेल्को!" हे निदान मोफत असे आणि बहुतेकदा बरोबरही. 2023च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, आणि ही फिरती ओपीडी बंद झाली. उरले सोसायटीतले सल्लागार. चेअरमन म्हणणार, "फ्लड झालीय, दहा मिनिटं हात लावू नका." दूधवाला म्हणणार, "कंडेन्सर गेला." आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका चारही वायरी उपसून "एक-तीन-चार-दोन, एक-तीन-चार-दोन" असा जप करत पुन्हा खोचणार. फायरिंग ऑर्डर त्यांना तोंडपाठ. फक्त एक नंबरचा सिलिंडर कुठल्या टोकाला, यावर त्यांचं आणि इंजिनाचं एकमत होत नसे. मग सायलेन्सरमधून असा बार निघे की गच्चीवरची कबुतरं उठत.

हे सगळं माझ्या भाच्याला पाहवलं नाही. तो पुण्याचा, त्यातून इंजिनिअर. "मामा, पॉइंट काढून टाकू. रोटरखाली चुंबकाची चकती आणि बाजूला हॉल सेन्सर. काही घासत नाही, काही जळत नाही."

"हॉल वाढवायचाच होता तर घरातला वाढवायचा होता," सौभाग्यवती आतून म्हणाल्या.

पॉइंट आणि कंडेन्सर निघाले, प्लेट बसली, दोन वायरी कॉइलला गेल्या. भाच्यानं टायमिंग लाइट काढला. मिस्त्रींनी तो त्याच्या हातून घेऊन बॅटरीवर ठेवला, डेल्कोचा क्लॅम्प ढिला केला आणि डोळे मिटून डेल्को किंचित फिरवला. इंजिनाचा सूर लागताच क्लॅम्प आवळला. भाच्यानं मागाहून लाइट धरून पाहिला आणि काही न बोलता तो पिशवीत टाकला.

तेव्हापासून गाडी ऐन जुलैतही अर्ध्या सेल्फमध्ये सुरू होते, आणि नेमकं तेच सोसायटीला लागलं आहे. चेअरमन रविवारी गॅलरीत येतात, गाडी निघालेली पाहतात आणि आत जातात. दूधवाला पिशवी ठेवून निघून जातो. अबोल्याला स्थगिती मिळेनाशी झाल्यामुळं पार्किंगचा वाद आता लेखी स्वरूपात चालू आहे. पॉइंटमध्ये काय बिघडलं ते कुणालाही डोळ्यांनी दिसत असे, म्हणून प्रत्येकाला बोलायला जागा होती. काळ्या डब्यात काय बिघडतं ते भाच्यालाही दिसत नाही. तो फक्त डबा बदलायला सांगतो.

मिस्त्री याबाबतीत सावध आहेत. "साहेब, पॉइंट मरायच्या आधी महिनाभर खोकतो. हा डबा एका शब्दानं बोलणार नाही." त्यांच्या सल्ल्यानुसार जुने पॉइंट, कंडेन्सर आणि ती पत्रिका आता डिकीत असते.

परवा मात्र चढावर गाडीनं एक आचका दिला. गेटमधून आत येईपर्यंत चेअरमन खाली उतरलेले होते, काकांनी बाह्या सरसावल्या होत्या. कार्बोरेटर अजून जुनाच आहे, ही बातमी त्यांना कुणी दिली, ते मी सौभाग्यवतींना विचारणार नाही.