उपवास न मोडता पोटभर जेवण्याची शास्त्रशुद्ध रीत
(नागपूर शहर व लगतच्या तालुक्यांसाठी)

नागपुरात उपवास धरणारे पुष्कळ आहेत. पण तो कलमानुसार कसा पाळावा याचं शिक्षण कोणी देत नसल्याने त्यातले काही जण खरोखरच उपाशी राहतात. ज्या शहरात उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, तिथे ही अवस्था शोभत नाही. म्हणून हे मार्गदर्शन.

आधी ग्रंथाधार. कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ सालचा आणि पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा ‘धर्मसिंधु’ १७९० च्या सुमाराचा. दोन्ही वाचायची गरज नाही, नावं पाठ असली की पुरे. कोणी शंका काढलीच तर ‘निर्णयसिंधूत आहे’ म्हणावं; समोरच्यानेही तो उघडलेला नसतो. आपल्या उपयोगाचं एवढंच, की परंपरेने आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असं मानलं आहे: पाणी, मुळं, फळं, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध. अशक्त माणसाला झेपावं म्हणून ही सवलत ठेवली असेल, पण आपण हेतूत शिरायचं नाही. यादीत ‘मुळं’ आहेत आणि किती खायची ते लिहिलेलं नाही, इथे थांबायचं.

आता बटाटा जमिनीखाली येतो. रताळंही येतं. ज्या कसाव्यापासून साबुदाणा होतो तो कंदही जमिनीखालचाच. शेंगदाण्याबद्दल वनस्पतिशास्त्रवाले म्हणतात की तो कडधान्याच्या कुळातला. पण वनस्पतिशास्त्र म्हणजे धर्मशास्त्र नव्हे. शेंगदाणा मातीत वाढतो म्हणून मूळ आणि शेंगेत भरतो म्हणून फळ, म्हणजे तो दोन कलमांखाली सुटतो. शिवाय बटाटा, रताळं, शेंगदाणा, कसावा, मिरची ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज येण्याआधी ती इथे कोणी पाहिली नव्हती. जे ऋषींना ठाऊकच नव्हतं, ते ऋषी निषिद्ध कसं करणार? कायद्याच्या भाषेत याला पळवाट म्हणतात, आपण परंपरा म्हणतो. ही परंपरा तमिळनाडूतल्या सेलम भागातल्या कारखान्यांतून पोत्यांनी येते. तिथे साबुदाण्याचा हा धंदा १९४० च्या दशकात सुरू झाला.

भगरीचं प्रकरण जरा नाजूक आहे. भगर हे तृणधान्य, गहू-तांदळाचं सख्खं भावंड. धान्य वर्ज्य असलेल्या दिवशी ती ताटात येते कशी, हा प्रश्न विचारणाऱ्याला दाण्याची आमटी वाढावी. तोंड भरलेला माणूस वाद घालत नाही. आणि हो, पुण्याहून आलेले पाहुणे साबुदाण्याच्या उसळीला खिचडी म्हणतील. त्यांना दुरुस्त करत बसू नये, उसळ गार होते. कोथिंबीर चालते की नाही हा मात्र घराण्याचा प्रश्न आहे. त्यावर सोयरिकी अडलेल्या मी पाहिल्या आहेत; साबुदाणा मात्र कोणी अडवलेला पाहिला नाही.

उपवास मोडणाऱ्या गोष्टींचीही जुनी यादी आहे. वारंवार पाणी पिणं, एकदाही विडा चघळणं, दिवसा झोपणं आणि ब्रह्मचर्यभंग. चौथ्या बाबीवर हे मार्गदर्शन मौन पाळतं. पहिलीबाबत एवढंच म्हणता येईल की ज्यांनी ती लिहिली त्यांनी नागपूरचा उन्हाळा पाहिला नसावा. ज्येष्ठातली निर्जला एकादशी पावसाआधी आली तर डेझर्ट कूलरदेखील दिवसभर पाणी पितो. दुपारी डोळा लागलाच तर ‘पडलो होतो’ म्हणावं. पडणं यादीत नाही.

खरा पेच विड्याचा, कारण नागपूरकराचं सकाळपासून खर्ऱ्याशिवाय चालत नाही. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीवर घोटून केलेला हा पदार्थ चघळला तर उपवास मोडतो का? अजिबात नाही. विड्याला पान लागतं, खर्ऱ्यात पान नसतं. तंबाखूही अमेरिकेचीच, तेव्हा ऋषींचं मौन तिलाही लागू. कर्करोगाच्या डॉक्टरांचं मत वेगळं आहे, पण त्यांना पंचांग कळत नाही. ज्या माणसाने सकाळी कोथिंबिरीवरून सुनेला झापलं, तो दुपारी चौकात निश्चिंत मनाने खर्रा घोटताना दिसतो, तो या अभ्यासामुळेच.

आता वार पाळणाऱ्यांकडे वळू. शनिवारी मटण वर्ज्य असेल तर प्रश्न असा, की शनिवार नेमका कधी असतो? पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, घड्याळाचा मध्यरात्री संपतो. जाणता साधक दोन्ही मानतो. शुक्रवारी रात्री एक वाजता सावजी भोजनालयात बसला असेल तर तो पंचांगवादी असतो, कारण सूर्य अजून उगवलेला नाही. शनिवारी रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी तोच घड्याळवादी होतो. अशा रीतीने चोवीस तासांचा शनिवार अठरा तासांत आटोपतो. तेवढाही धीर नसेल तर हॉटेलात जाऊन पोऱ्याला स्पष्ट सांगावं, ‘आज शनिवार आहे ना बे, पीस नको टाकू, फक्त तर्री दे.’ त्यात बोकड शिजला, पण तो ताटात आला नाही. गुन्हा सिद्ध होत नाही. हसणाऱ्यांना सांगावं की व्हेनेझुएलातले ख्रिस्ती लोक ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत कॅपिबारा नावाचा केसाळ प्राणी खातात, तो पाण्यात पोहतो म्हणून. त्यापुढे आपली तर्री सोवळी आहे.

श्रावणाला हीच बुद्धी वापरावी. २०२३ साली अधिक मासामुळे श्रावण दोनदा आला, १८ जुलैपासून १५ सप्टेंबरपर्यंत, तेव्हा इतवारी-महालातल्या कित्येक धार्मिक घरांत ‘पाळायचा तो निज श्रावण’ हा निर्णय एकमताने झाला. अधिक मासात पुण्य अधिक असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं; ते इतरांसाठी सोडलं. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्यांना तर पूर्वजांनीच वाट काढून दिली आहे. आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी कांदेनवमी येते, तिला कांद्याच्या जेवढ्या तऱ्हा माहीत असतील तेवढ्या संपवाव्यात. चार महिन्यांसाठी एखादी आवडती वस्तू सोडायची असेल तर आंबा सोडावा. आषाढात तो तसाही बाजारातून गेलेला असतो.

एक सावधगिरी. नियमांच्या आत्म्याबद्दल बोलणाऱ्यांपासून दूर राहावं. अक्षराला सूर्योदय आणि सूर्यास्त असतो, आत्म्याला सुट्टी नसते. आपल्या विदर्भात असे लोक फार झाले. गाडगेबाबा गावात आले की आधी झाडू हातात घ्यायचे, देवापुढच्या पशुहत्येला विरोध करायचे आणि कुठलीच सवलत द्यायचे नाहीत. तुकडोजी महाराजांनी मोझरीहून तेच चालवलं. त्यांचं नाव आपण विद्यापीठाला दिलं आहे, तेव्हा आदराचा भाग पूर्ण झाला. ‘ग्रामगीता’ उघडून उगीच अडचणीत येऊ नये.

या सगळ्या व्यवस्थेचा आधार असलेल्या व्यक्तीचा उल्लेख राहिला. ती पहाटे उठून साबुदाण्यात पाणी किती राहिलं ते पाहते. दाणे भाजून कूट करते. उपवासवाल्यांसाठी उसळ, भगर, आमटी, रताळ्याचा कीस. न धरणाऱ्यांसाठी पोळी-भाजी. शेजारी आजारी सासऱ्यांची पेज. दोन्ही स्वयंपाक एकमेकांना लागू नयेत म्हणून पळ्या वेगळ्या, ओटा दोनदा पुसायचा. तिचाही उपवास असतो. हरतालिकेला तर तिचा निर्जळी असतो आणि आपण विचारतो, ‘उसळीत मीठ कमी झालं का गं?’ यादीतल्या आठ सवलतींपैकी तिने दिवसभरात एकही वापरलेली नसते. बसायलाच मिळालेलं नसतं.

तेव्हा वाचकांना एक विनंती. उपवास मोडणाऱ्या गोष्टींची यादी पुन्हा नीट वाचा. पाणी, विडा, झोप आणि ती चौथी बाब. भांडी घासल्याने उपवास मोडतो असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. येत्या एकादशीला घासा.