फोर्थ सीट

आमच्या शाळेच्या दाराशी एक काळा फळा होता आणि त्यावर रोज एक सुविचार लिहिलेला असे. ज्या मुलीचं अक्षर चांगलं तिला खडू मिळायचा. वागणं चांगलं असण्याची अट नव्हती. 'नेहमी खरे बोलावे' असं टपोऱ्या अक्षरांत लिहून हात झटकणारी मुलगी पहिल्याच तासाला वही घरी राहिल्याचं बाईंना शपथेवर सांगायची. बाईंचा विश्वास बसायचा. अक्षर चांगलं होतं ना!

पुढे फळा गेला आणि मोबाइल आला. आता सुविचार गुलाबासकट येतात, दवबिंदूंसकट येतात, वाफाळत्या चहाच्या कपासकट येतात. तेही पहाटे साडेपाचला. 'थोडं थांबा, स्वतःसाठी जगा' हे वाचायला डोळे उघडावेत तर कुकरची शिट्टी व्हायची असते, दोन डबे भरायचे असतात आणि नळाचं पाणी कुठल्याही क्षणी जाणार असतं. स्वतःसाठी जगायचं ते सहा वाजून काही मिनिटांनी, बाथरूमची कडी लावल्यावर. तेवढ्यात कोणीतरी दार वाजवतं.

माणसांशी कसं वागावं याबद्दल मला जे काही थोडंफार कळतं ते डोंबिवली फास्टच्या लेडीज डब्यात कळलं. तिथे सुविचार लिहिलेला नसतो. तिथे रुसलेलं प्रेम चोवीस तासांत परत आणून देणाऱ्या बाबांची जाहिरात चिकटवलेली असते, आणि तिचाही फोन नंबर कोणीतरी नखाने खरवडलेला असतो. ही मला समाजसेवा वाटते.

ज्यांचा लोकलशी संबंध आला नाही त्यांना फोर्थ सीट म्हणजे काय हे सांगायला हवं. बाक असतो तिघींचा. खिडकीतली 'विंडो', मधली 'सेकंड', कडेची 'थर्ड'. यानंतर बाक संपतो. जिथे बाक संपतो तिथून फोर्थ सीट सुरू होते. उभ्या असलेल्या बाईने 'जरा सरकून घ्या' म्हणायचं, विंडोने गजाला खांदा लावायचा, सेकंडने श्वास आत घ्यायचा, थर्डने पर्स मांडीवर उभी करायची, आणि एवढं सगळं झाल्यावर जी चार बोटं फळी मोकळी होईल तिच्यावर चौथीने निम्मं बूड टेकायचं. उरलेलं निम्मं रेल्वेच्या हद्दीत पण अधांतरी राहतं. एक पाय वाटेत. त्यावरून डोंबिवली ते दादर बायका ये-जा करतात. तरीही ती चौथी बाई बसल्या बसल्या जो सुस्कारा सोडते तसा मी विमानातल्या रुंद खुर्चीतही कोणाला सोडताना ऐकलेला नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली तेव्हा तिला चौदा डबे होते आणि निमंत्रित पाहुणे चारशे. म्हणजे डब्यामागे तीस माणसंसुद्धा नाहीत. आज तेवढ्या बायका आमच्या डब्याच्या एका दारात असतात, आणि 'आत चला ना, आत सगळं मोकळं आहे' असं एकमेकींना सांगत असतात. गर्दीच्या या अवस्थेला रेल्वेने रीतसर नाव दिलेलं आहे : 'सुपर डेन्स क्रश लोड'. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा उभी माणसं. घरी शतरंजी पसरून मी हे चौरस मीटरचं माप पाहिलं. त्यात आमच्याकडे एक सोफ्याची खुर्ची आणि नवरा एवढंच मावतं.

सांगायचं असं की, एवढ्या जागेत कोणी कोणावर मोठे उपकार करू शकत नाही. हात हलवायला वाव नाही तिथे उदार हस्ते काय देणार? इथे जे द्यायचं ते इंचांत. आणि ते गोड बोलून देण्याइतका वेळही कोणाकडे नसतो. आमच्या डब्यात माया खेकसून केली जाते. 'अहो, कधीच्या उभ्या आहात, सांगता येत नाही? तोंड आहे ना? बसा!' एवढं ऐकून घेतल्यावर जागा मिळते. 'बॅग घेऊन कशाला लटकताय, द्या इकडे' असं म्हणत कोणीतरी बॅग जवळजवळ हिसकावते आणि आपल्या मांडीवरच्या तीन बॅगांवर चौथी ठेवते. तिचं नाव आपल्याला माहीत नाही, ती कुठे उतरणार ते माहीत नाही. आपल्या बॅगेत पगार असतो, मंगळसूत्र दुरुस्तीला न्यायचं असतं, भेंडीची भाजी असते. घाटकोपरला ती उठते तेव्हा चारही बॅगा पुढच्या मांडीकडे सोपवून जाते. बँकेत लॉकर उघडायला याच्या दसपट सह्या लागतात.

या सगळ्या कारभाराच्या प्रमुख आमच्या हेडबाई. नाव मला पुष्कळ उशिरा कळलं, ते इथे सांगत नाही. त्या कुठल्याशा सरकारी कचेरीत कारकून होत्या, पण चष्म्यावरून बघायची पद्धत अशी की मंत्र्यानेही गृहपाठ दाखवावा. डब्यात शिरल्या की बसायला जागा शोधायच्या नाहीत. आधी हजेरी घ्यायच्या. 'विंडो कुठे? मुलुंड? मग तुमच्या जागेवर ही निळी ओढणी. सेकंड? भायखळा? बरं. थर्ड झोपलीय? उठवा तिला, सोंग आहे.' तिसरी सीट खरोखर खडबडून जागी व्हायची. पोट दिसू लागलेली मुलगी डब्यात चढली की हेडबाई अख्ख्या बाकाकडे एकदा नुसतं बघायच्या, आणि तिघीही एकदम उठायच्या. मग त्या तिघींनाही बोलणी बसायची : 'तिघी कशाला? ती काय आडवी होणार आहे?' त्या मुलीलाही सुटका नसे. 'एवढ्या गर्दीची गाडी पकडायची हौस कशाला? अर्धा तास आधी निघायचं. खाल्लंस का काही?' ती 'हो' म्हणेपर्यंत हेडबाईंच्या डब्यातला राजगिऱ्याचा लाडू तिच्या हातात असे, आणि तो संपेपर्यंत चष्म्यावरची नजर तिच्यावर.

हेडबाईंच्या अगदी उलट स्वभाव आमच्या सुप्रभातताईंचा. डब्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहाटेचा तो गुलाब यांचा. बोलणं इतकं गोड की ऐकताना पाणी प्यावंसं वाटे. पण त्यांना कोणी 'जरा सरकता का' म्हटलं की त्या मान कलती करून, डोळे किलकिले करून, अत्यंत प्रेमाने म्हणायच्या, 'जागाच नाही हो ताई, असती तर दिली नसती का?' शेजारी त्यांची पर्स ऐसपैस बसलेली असे. एका दिवशीचा सुविचार 'देण्यात जो आनंद आहे तो घेण्यात नाही' असा होता हे मला चांगलं आठवतं, कारण हेडबाईंनी तो मोबाइलवरून मोठ्याने वाचून दाखवला आणि पर्सकडे बोट करून विचारलं, 'हिचा पास आहे का?'

पास नसलेल्या पण डब्याच्या हक्काच्या बायका म्हणजे कानातलं, क्लिपा, टिकल्या विकणाऱ्या. रेल्वेच्या कायद्यात त्यांना जागा नाही, डब्यात मात्र असते. पुठ्ठ्यावर टोचलेली कानातली ती बाई दारातून आत सोडते. मग तो पुठ्ठा एकटाच प्रवासाला निघतो. या बाकावरून त्या बाकावर, डोक्यांवरून, काखांखालून. कोणी एक जोड काढते, कोणी कानाला लावून शेजारणीला 'कसं दिसतंय?' विचारते, शेजारीण 'तुमच्या रंगाला नाही हो' असं सांगून धंदा बुडवते. दोन-तीन स्टेशनांनी पुठ्ठा परत येतो, जोड कमी झालेले आणि पैसे वाढलेले. हिशेब जुळतो. सुटे नसले तर 'उद्या दे' म्हणून ती उतरते. लाखो माणसांच्या शहरात 'उद्या' कोण भेटतं? भेटतात. दुसऱ्या दिवशी तिला शोधत पैसे घेऊन उभी असलेली बाई मी पाहिली आहे, आणि 'काल दिले नाहीत म्हणून आज दोन जोड घ्या' असं तिलाच दरडावणारी ती विक्रेतीही पाहिली आहे.

मुंबईच्या माणुसकीवर लिहायचं तर २६ जुलै २००५ आलाच पाहिजे असा दंडक आहे. सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि पुढची अनेक वर्षं त्यावर तेवढेच लेखही पडले. म्हणून मी थोडक्यात सांगते. गाडी शीवच्या अलीकडे बसली, आम्ही उतरलो आणि चालत सुटलो. वाटेत माणसं दोर धरून उभी होती, कोणी बिस्किटांचे पुडे वाटत होतं, कोणी पाणी. अंधार पडल्यावर घाटकोपरच्या पुढे एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावरून एका बाईंनी बॅटरी मारून आम्हा चौघींना हाक मारली. हाक म्हणजे, 'डोकी ठिकाणावर आहेत का? पुढे गळ्याएवढं पाणी आहे. या वर!' आम्ही जिना चढलो. दारात त्या कमरेवर हात ठेवून उभ्या. 'चपला बाहेर काढा.'

आता बाहेर म्हणजे कुठे? बाहेर नदीच आली होती. चौघींच्या मिळून तीन चपला शिल्लक होत्या, आणि आम्ही कमरेपर्यंत गटार नेसून उभ्या होतो. तरीही त्या मातोश्रींच्या आवाजात अशी काही जरब होती की आम्ही त्या तीन चपला जिन्यात ओळीने लावून ठेवल्या. मग त्यांनी आम्हाला एकेक मॅक्सी दिली, खिचडी वाढली, वाढता वाढता 'असल्या पावसात घराबाहेर पडायचं कशाला' म्हणून झापलं, जणू सकाळी आठलाच आम्हाला संध्याकाळचं माहीत होतं. रात्री त्या स्वतः स्वयंपाकघरात फरशीवर झोपल्या. सकाळी निघताना मॅक्सी परत आणून देण्याचं मी बोलले तर म्हणाल्या, 'तेवढ्यासाठी गाडीभाडं घालवू नका. फाटकी होती म्हणून तर दिली.' फाटकी नव्हती. नवी कोरी होती, कॉलरला दुकानाची चिठ्ठी तशीच होती.

एवढ्यावर थांबून 'खेकसणारे चांगले, गोड बोलणारे लबाड' असा निकाल लावता आला असता आणि मलाही बरं वाटलं असतं. पण सुप्रभातताईंनी माझी पंचाईत करून ठेवली आहे. मध्यंतरी मला डेंग्यू झाला. ऑफिसला कळवलं होतं, माहेरी कळवलं होतं, डब्याला कोण कळवणार? तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. 'सुप्रभातताई बोलतेय. दोन दिवस तुमच्या निळ्या टिका आल्या नाहीत. बरं नाही का?' म्हणजे या बाई रोज पहाटे शंभर जणींना गुलाब पाठवत होत्या आणि कोणी पाहिला, कोणी नाही हे बसून तपासत होत्या! मी इतकी वर्षं ज्याला कचरा समजून पुसत होते तो हजेरीपट होता. संध्याकाळी त्या डोंबिवलीत माझ्या इमारतीचे तीन मजले चढून आल्या, पपई घेऊन. खुर्चीत बसल्या. पर्स शेजारच्या खुर्चीत बसवली. नवरा अर्धा तास उभा राहिला.

त्यांनी लोकलमध्ये जागा मात्र अजूनही कधी दिलेली नाही. मी बरी होऊन परतले त्या पहिल्या सकाळीसुद्धा 'अगं बाई, किती वाळलात!' म्हणाल्या, डोळ्यांत पाणी आणलं, आणि पर्स जवळ ओढली ती माझ्यासाठी नव्हे, कोणी पळवू नये म्हणून. पण पहाटेचा गुलाब आता मी उघडून बघते.

हेडबाई निवृत्त झाल्या. दसऱ्याला डब्यात तोरण लागतं तसं त्या दिवशीही लावलं, केक कापला. पैठणी दिली तर 'पैसे काय झाडाला लागतात?' म्हणाल्या, आणि केकचे तुकडे खाली सांडले म्हणून कुर्ल्यापर्यंत आम्हाला ओरडत होत्या. त्यांच्या जागी कोणी रीतसर नेमणूक केली नाही. सध्या कानात इयरफोन घातलेली एक पंचविशीची मुलगी ते काम बघते. बोलत नाही. एक भुवई वर करते, त्यावर विंडो 'मुलुंड' म्हणते, आणि ती अंगठ्याने मागच्या बाईला खूण करते. परवा एका आजींसाठी तिने भुवई जरा जास्तच वर केली तेव्हा चक्क सुप्रभातताईंची पर्स मांडीवर गेली. आजी अर्ध्या टेकल्या.

तुम्ही कधी आमच्या गाडीला आलात तर एवढंच सांगते : पाठीवरची बॅग पुढे घ्या, दारात थांबू नका, आणि थर्ड सीट मिळाली असेल तर कोणी म्हणायच्या आत चार बोटं आत सरका. म्हणायची वेळ आली तर बोलणी खावी लागतील.