रॅमच असणार

घरातला संगणक बंद पडला की आधी मुलगा आठवतो, मग जावई, मग काका. मुलगा बंगळुरूला असतो आणि फोनवर ‘रीस्टार्ट करून बघितलंत का?’ यापलीकडे जात नाही. जावई आयटीत असतो. त्याचं पॅकेज सगळ्या नातेवाइकांना पाठ असतं. ‘मी हार्डवेअरमधला नाही’ हे मात्र तो लग्न ठरताना सांगत नाही, पुढे प्रिंटर अडला की सांगतो. राहतात काका. ते येतात. दुपारी दोनला बोलावलं तरी येतात, झोपमोड झाली असं म्हणत नाहीत आणि पैसे विचारले तर दुखावतात.

हे काका कुणाचेच सख्खे काका नसतात. टेलिफोन खातं, वीज मंडळ, नाहीतर एखाद्या कारखान्याचा मेन्टेनन्स विभाग, अशा ठिकाणाहून निवृत्त झालेले, बुशशर्टाच्या खिशात टेस्टर लावणारे हे गृहस्थ डोंबिवलीत असतात, चिंचवडला असतात, नाशिकला असतात. कंपन्यांनी लॅपटॉप असे गोंदाने चिकटवून विकायला सुरुवात केल्यापासून त्यांची पंचाईत झाली आहे. मोबाइल तर उघडतच नाही. डेस्कटॉप तेवढा उरला आहे. मागचे दोन स्क्रू काढले की बाजूचा पत्रा सरकतो आणि आत सगळं दिसतं. काकांना ‘आत सगळं दिसणं’ फार आवडतं.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतले काका टेलिफोन खात्यातले. 1998 साली लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग घासाघीस करून आणून त्यांनी स्वतःचा पहिला संगणक जोडला. ग्रँट रोडहून दादरला, तिथून गाडी बदलून डोंबिवलीपर्यंत तो मॉनिटर त्यांनी मांडीवर आणला होता. आणि तोही काचेच्या नळीचा, आजच्या पाटीसारखा नव्हे. त्या काळात लोकलमध्ये बसायला जागा मिळाली हाच भाग मला त्या हकिगतीत संशयास्पद वाटतो.

त्यांची एक रेक्झिनची पिशवी आहे. तीत स्टार स्क्रूड्रायव्हर, रंगाचा रुंद ब्रश, पांढरं खोडरबर, सीआर 2032 या नाण्याएवढ्या तीन व्होल्टच्या बॅटऱ्या, एक जुना एसएमपीएस आणि एक डायरी. डायरीत बीपचे अर्थ लिहिलेले आहेत. संगणक सुरू होताना आधी स्वतःची तपासणी करतो आणि पडद्यावर काही दाखवता आलं नाही तर शिट्ट्या मारून सांगतो. एक आखूड बीप म्हणजे सगळं ठीक. एक लांब, दोन आखूड म्हणजे बहुधा डिस्प्ले कार्ड. पण बायॉस कुठल्या कंपनीचं आहे त्यावर हे अर्थ बदलतात, म्हणून डायरीत रकाने आहेत. डायल टोन, एंगेज टोन आणि लाइन मेल्याची शांतता यांतला फरक ऐकण्यात ज्याची नोकरी गेली, त्याला ही शिट्ट्यांची भाषा मिळाल्यावर काय आनंद झाला असेल! पडद्यावर काय लिहिलंय ते काका सहसा वाचत नाहीत. ते ऐकतात.

मागच्या सप्टेंबरात सोसायटीच्या खजिनदारांचा संगणक अडला. मुहूर्तही असा की वार्षिक सर्वसाधारण सभा तोंडावर. मार्चअखेर वर्ष संपतं आणि 30 सप्टेंबरच्या आत सभा घ्यावी लागते. आमच्याकडे ती शेवटच्या रविवारी होते, म्हणजे टाळता येईल तितकी टाळून. सगळे हिशेब त्या संगणकात. त्यात व्हाउचरांची बॉक्स फाइलही सापडेना. ‘हिशेब मागितले की बरा बंद पडतो’ असं दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं, आणि ते जिन्यातून बरोबर खजिनदारांपर्यंत पोचलं. खजिनदारांनी काकांना फोन केला. मी साक्षीदार म्हणून गेलो. खरं तर पोहे होणार असं कळलं होतं.

काका आले, चपला बाहेर काढल्या आणि पहिला प्रश्न विचारला.

“काय केलंत?”

“काही नाही केलं,” खजिनदार म्हणाले.

हे उत्तर ठरलेलं असतं. आजवर एकाही घरात कुणी संगणकाला काही केलेलं नाही. तो आपणहून बिघडतो.

“नेमकं काय होतंय? पॉवर येत नाही, की डिस्प्ले येत नाही, की विंडोज उडालंय?”

“पंखा फिरतो, काळ्यावर पांढरी अक्षरं येतात, टीं टीं वाजतं आणि तिथंच थांबतं.”

काकांचे डोळे चमकले. नुसता प्लग सैल निघाला असता तर त्यांचा चेहरा पडला असता, हे मी आधी दोनदा पाहिलं आहे. प्लग सैल असणं हा त्यांना स्वतःचा अपमान वाटतो. त्यांनी बटण दाबलं, डोळे मिटले आणि कान दिला. टीं टीं टीं टीं.

“रॅमच असणार.”

“काका, इथे कीबोर्ड एरर असं काहीतरी लिहिलंय,” मी म्हणालो.

“ते लिहितंच असतं. पुढे काय लिहिलंय वाचा.”

“प्रेस एफ-वन.”

“बघा! कीबोर्डच धड नाही म्हणतोय आणि वर कीबोर्डचंच बटण दाबा म्हणतोय. असल्याचं काय ऐकायचं?”

हा मुद्दा बिनतोड होता. हा संदेश लिहिणाऱ्याच्या डोक्यात काय होतं, हे कोडं जगभरच्या संगणकवाल्यांना पडलेलं आहे. मी गप्प बसलो.

कॅबिनेट खाली उतरवलं गेलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर स्क्रू मांडले. पत्रा सरकला आणि आतून धुळीचा एक थर असा बाहेर आला की वहिनींनी दिवाळीचा विषय काढला. “हात लावू नका, स्टॅटिक!” काकांनी बजावलं आणि खिडकीच्या गजाला हात लावून स्वतःच्या अंगातली वीज उतरवली. सप्टेंबरात डोंबिवलीच्या हवेत तळलेला पापडसुद्धा पाच मिनिटांत मऊ पडतो. तिथे स्टॅटिक कुठून येणार? पण सगळे एक पाऊल मागे सरकले. काकांचा दरारा अशा वेळी बघण्यासारखा असतो.

मग रॅम काढून खोडरबराने घासणं. यावर शहाणे लोक हसतात, तेव्हा काकांच्या बाजूने थोडं बोललं पाहिजे. रॅमच्या पट्टीच्या कडेला जे पिवळे दात दिसतात त्यांच्यावर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो. दमट हवेने आणि धुळीने तिथे मळ बसतो, स्पर्श नीट होत नाही आणि संगणक स्मरणशक्ती गेल्यासारखा शिट्ट्या मारत बसतो. पट्टी काढून घासून परत दाबून बसवली की पुष्कळदा चालतो. जाणकार सांगतात की रबराने मुलामा झिजतो आणि खरा गुण काढून पुन्हा बसवण्याचाच असतो. असेल. पण आपल्याकडे पावसाळ्यात या एका खोडरबराने किती संगणक उठून बसले असतील, आणि दुकानदाराने त्याच दुखण्यासाठी किती घरांत नवा मदरबोर्ड गळ्यात मारला असेल, याचा विचार केला की मला काकांचा पक्ष घ्यावासा वाटतो.

घासली. बसवली. बटण. टीं टीं टीं टीं.

“दुसरी पट्टी.”

टीं टीं टीं टीं.

“मग सीमॉसची बॅटरी,” काका म्हणाले आणि मदरबोर्डवरची ती नाण्यासारखी बॅटरी नखाने उचकटली. ही बॅटरी गेली की संगणकाला तारीख आठवत नाही. तो मागल्या कुठल्यातरी सालात जागा होतो आणि बँकेची साइट ‘तुमचं घड्याळ मागे आहे’ म्हणून दार उघडत नाही. काकांचा हा आवडता रोग आहे, कारण औषध पिशवीतच असतं. नवी बॅटरी बसली. बटण दाबलं. पांढरी अक्षरं तीच, वर आता तारीखही चुकीची. म्हणजे दुखणं एक होतं, ती दोन झाली.

“एसएमपीएस बघू या का?” असं काका म्हणाले तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात निघून गेल्या. त्यांना मागचा अनुभव होता. एसएमपीएसची ती चोवीस पिनांची जाड गुंडी मदरबोर्डातून काढायची, तिच्यातली हिरवी वायर आणि कुठलीही काळी वायर यूपिनने जोडायची. पंखा फिरला तर निदान जीव आहे असं समजायचं. ही परीक्षा खरीच आहे, दुरुस्तीवाले सर्रास करतात. मात्र बघणाऱ्याला ती आत्महत्येची तयारी वाटते. काकांनी यूपिन लावली. पंखा गरगरला. जमलेल्यांपैकी कुणीतरी टाळी वाजवली आणि लाजून हात खाली घेतले.

एवढं होऊनही काका खचत नाहीत, हे त्यांचं वैशिष्ट्य. त्यांनी मदरबोर्डवरची एकेक कपॅसिटर टॉर्चने तपासली. या सहस्रकाच्या सुरुवातीला कितीतरी मदरबोर्डांच्या कपॅसिटरमध्ये वाईट इलेक्ट्रोलाइट भरलं गेलं होतं. त्यांची डोकी फुगायची आणि बोर्ड आज ना उद्या मरायचा. त्या साथीच्या आठवणी काका ज्या ओढीने सांगतात तशी ओढ त्यांना स्वतःच्या नोकरीबद्दलही नाही. इथे मात्र एकही डोकं फुगलेलं निघालं नाही. काका थोडे हिरमुसले.

खजिनदार एव्हाना घामाने भिजले होते. “काका, डेटा जाणार नाही ना? फॉरमॅट मारावा लागेल का?”

“अहो, एवढ्यात कशाला घाबरता?” काकांनी धीर दिला. “20 एप्रिल 1998. शिकागोचं कॉमडेक्स प्रदर्शन. खुद्द बिल गेट्स स्टेजवर, विंडोज 98 दाखवताहेत. सहकाऱ्याने स्कॅनर जोडला आणि हजारो लोकांसमोर निळा पडदा! गेट्स काय रडत बसला? हसला. आणि दोन महिन्यांनी तेच विंडोज बाजारात आलं.”

तारीख बरोबर आहे आणि प्रसंगही खरा आहे. फक्त बिल गेट्सला रविवारी डोंबिवलीच्या सभेत पाण्याच्या टँकरचा हिशेब द्यायचा नव्हता.

तेवढ्यात खजिनदारांचे जावई व्हिडिओ कॉलवर आले. क्लाउडमध्ये काम करतात. त्यांनी चार-पाच मिनिटं शांतपणे ऐकून ‘सगळं ड्राइव्हवर ठेवायला हवं होतं बाबा’ असं सांगितलं, जे अगदी बरोबर होतं आणि त्या क्षणी निरुपयोगी. “त्यांना विचारा, रॅमचा स्लॉट बदलून बघू का,” काका म्हणाले. जावई म्हणाले, “रॅम कुठे असते ते दाखवा जरा.” काकांनी काही न बोलता पट्टी कॅमेऱ्यासमोर धरली. निवृत्तीनंतरचं एवढं निर्भेळ सुख त्यांच्या वाट्याला क्वचितच आलं असेल.

आणि पोहे आले. टेबलावर ठेवायला तसूभर जागा नव्हती: स्क्रू, ब्रश, पट्ट्या, धूळ. वहिनींनी बशी एका हातात तोलली आणि टेबलाखालची कीबोर्डची सरकती फळी पुढे ओढली. ती अडली. जोर केला तेव्हा खडखडत आली. कीबोर्डवर, टेबलाच्या पाटाखाली घट्ट कोंबून बसलेली, व्हाउचरांची ती जाड बॉक्स फाइल होती. तिच्या कोपऱ्याखाली उजवीकडचे सगळे आकडे दाबलेले. वहिनींनी ती उचलून सोफ्यावर ठेवली आणि बशा मांडल्या. कीबोर्डवरचं एखादं बटण सुरुवातीपासून दाबलेलंच राहिलं तर संगणक तक्रार करतो आणि पुढे जात नाही. पांढऱ्या अक्षरांत इतका वेळ तेच तर लिहून येत होतं.

नेमक्या त्याच वेळी काकांनी रॅम दुसऱ्या स्लॉटमध्ये खटकन बसवून बटण दाबलं.

एक आखूड बीप. घड्याळ मागे गेल्याची एक कुरकूर, त्यावर काकांनी बेदरकारपणे एफ-वन दाबलं. मग विंडोज सेव्हनची ती चार रंगांची खूण.

“स्लॉट!” काका म्हणाले. “मी म्हटलं नव्हतं, रॅमच असणार?”

खजिनदारांनी त्यांचे दोन्ही हात धरले. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मी वहिनींकडे बघितलं, आणि त्यांनी माझ्या बशीत आणखी एक डाव पोहे वाढले. नारळ भरपूर होता. पत्रा लावून झाल्यावर दोन स्क्रू उरले. ते काकांनी खिशात टाकले. “कंपनीवाले जास्तीचेच लावतात,” असं त्यांचं मत आहे, आणि त्यांच्या घरी हाजमोल्याच्या बाटलीत साठलेले असे जास्तीचे स्क्रू बघता कंपन्यांनी फारच उधळपट्टी केली म्हणायची. त्यांच्या स्वतःच्या संगणकाचा पत्रा तर कधी लागलेलाच नाही. “लावला की आतलं दिसत नाही.”

रविवारी सभा वेळेवर झाली. टँकरचा हिशेब मंजूर झाला, दुसऱ्या मजल्याने हरकत घेतली नाही. ऐनवेळच्या विषयांत खजिनदारांनी काकांच्या आभाराचा ठराव मांडला. तो एकमताने संमत झाल्याची नोंद इतिवृत्तात आहे. अनुमोदक म्हणून नाव माझं आहे.