रिमोटच्या मोटारी आणि पालकांची कर्तव्ये

ज्या गृहस्थांचे बालपण चावीच्या पत्र्याच्या मोटारीवर निभावले आणि ज्यांच्या खिशात चार पैसे खुळखुळू लागेपर्यंत केसांत रुपेरी छटा उतरली, अशा सर्व पालकांच्या मनात केव्हा ना केव्हा हा उदात्त विचार उद्भवतो की, अपत्यांची निरीक्षणशक्ती, हस्तकौशल्य व यंत्रविद्येची गोडी वाढावी एवढ्याच हेतूने त्यांना रेडिओवर चालणाऱ्या शर्यतीच्या मोटारींचा छंद लावावा. हा हेतू किती निरपेक्ष असतो याचा पुरावा म्हणजे, मुलाचा वाढदिवस पुष्कळ दूर असतानाच बहुतेक पालक खरेदी उरकून मोकळे होतात. अशा परोपकारी वर्गाच्या मार्गदर्शनार्थ पुढील कलमे नमूद केली आहेत. ज्यांना ती मान्य नसतील त्यांनी बुद्धिबळाचा पट विकत घ्यावा.

कलम १ : खरेदी व मालकी

बाजारात पाऊल टाकण्यापूर्वी मालकीचा प्रश्न निकालात काढावा. एकच मोटार आणून 'आपण दोघे मिळून खेळू' असा तहनामा जे करतात, त्यांच्या घरी पहिल्याच संध्याकाळी त्या तहाचा भंग होतो, आणि भंग करणारा पक्ष नेहमी वयाने थोरला असतो. म्हणून मोटारी दोन घ्याव्या, आणि एकाच जातीच्या घ्याव्या. पालकाची मोटार ब्रशलेस व पाल्याची साधी असेल, तर त्या शर्यतीतून मिळणारे शिक्षण यंत्रशास्त्राचे नसून सरंजामशाहीचे होय. प्रमाण एकदशांशाचे बरे. ही मोटार सुमारे हातभर लांब असते, तिचे भाग कोवळ्या बोटांना सापडतात, आणि ती पलंगाखाली सहजासहजी गहाळ होत नाही.

तयार मोटारीपेक्षा सुट्या भागांचा संच घ्यावा. जपानातील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९८४ साली काढलेली आणि पुढे लोकाग्रहास्तव पुन्हा बाजारात आणलेली 'हॉर्नेट' ही मातीत धावणारी मोटार या कामी उत्तम. तिच्या अंतरंगात गहन असे काही नाही, आणि जे आहे ते जोडणाऱ्याला स्वतःच्या हाताने बसवावे लागत असल्यामुळे, पुढे ते मोडले की कोठे मोडले हे त्याला कळते.

कलम २ : जोडणी

जोडणीच्या वेळी नकाशा पालकाने वाचावा व स्क्रू पाल्याने पिळावे. 'दे इकडे, तुला जमणार नाही' हे वाक्य ज्या क्षणी उच्चारले जाईल त्या क्षणी पालकाचा जोडणीवरील हक्क खालसा झाला असे समजावे. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू अतिरिक्त जोराने पिळल्यास आटे कायमचे निकामी होतात, आणि हा अतिरिक्त जोर मुलांच्या अंगी नसतो, ही बाब येथे मुद्दाम नोंदवून ठेवतो. जपानी स्क्रूंची फुली आपल्या घरातल्या स्क्रू-ड्रायव्हरला जुळल्यासारखी दिसते, पण नेमकी जुळत नाही; त्या मापाचे हत्यार वेगळे आणावे, नाहीतर स्क्रूंची डोकी गुळगुळीत होऊन मोटार कधीच न उघडणाऱ्या तिजोरीच्या पदवीस पोहोचते. पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे कवच आतून रंगवावयाचे असते, आणि त्यात गडद रंग आधी व फिका मागाहून द्यावा लागतो. हा क्रम व्यवहाराच्या उलट असल्यामुळे मुलांना चटकन पटतो.

जोडलेली मोटार मुलाने दुसऱ्याच दिवशी खोलून ठेवली तर क्रोधाविष्ट होऊ नये. तामियाची पहिली रेडिओ-मोटार, म्हणजे १९७६ सालची एकद्वादशांश प्रमाणाची पोर्शे ९३४, घडवण्याच्या खटपटीत त्या घराण्याच्या शुन्साकु तामिया यांनी खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेऊन ती खोलून पाहिली होती. तेव्हा ज्या छंदाच्या मूळ पुरुषांचेच हे आचरण, त्यात बालकाला दोष कोठून द्यावा? फक्त घरच्या खऱ्या मोटारीच्या किल्ल्या उंचावर ठेवाव्या.

कलम ३ : विजेचा बंदोबस्त

येथपर्यंतची कलमे थट्टेवारी नेली तरी चालतील. हे कलम मात्र अक्षरशः पाळावे. आरंभी सहा सेलांची, ७.२ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी पुरेशी आहे. लिथियम-पॉलिमर बॅटरी अधिक चपळ खरी, परंतु तिचा स्वभाव मानी आहे : तिचा प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर चढवू नये, ३ व्होल्टच्या खाली उतरवू नये, आणि आठवडाभर खेळ तहकूब असेल तर ३.८ च्या सुमारास ठेवावा. ५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी ५ अँपिअरनेच भरावी, तिच्यासाठी केलेल्या चार्जरवर व आगरोधक पिशवीत भरावी, आणि भरत असताना जाणत्या माणसाने जवळ बसून राहावे. फुगलेली बॅटरी 'अजून चालते' म्हणून वापरणे ही काटकसर नव्हे.

तसेच चालू करताना आधी हातातला ट्रान्समीटर व मग मोटार, आणि बंद करताना आधी मोटार व मग ट्रान्समीटर, हा क्रम पाठ असावा. मोटार जागी असताना तिचा हुकूमदार झोपलेला राहिला, तर ती कोणाच्या आज्ञेने कोणीकडे धावेल याचा जामीन कोणी देऊ शकत नाही.

कलम ४ : सारथ्य

मोटार आपल्यापासून दूर जात असते तोवर प्रत्येक पालक निष्णात सारथी असतो. ती वळण घेऊन परत आपल्याकडे येऊ लागली, की डावे ते उजवे व उजवे ते डावे होते, आणि ज्या हाताने वर्षानुवर्षे खरी मोटार लक्ष्मी रोडवरून सुखरूप काढली, तोच हात नेमका भिंतीच्या दिशेने चाक फिरवतो. याचे कारण उघड आहे : चालक मोटारीत बसलेला नसून बाहेर एका जागी उभा असतो, आणि मोटारीने त्याच्याकडे तोंड वळवताच दोघांच्या दिशा परस्परविरुद्ध होतात. यावर अनुभवी मंडळी एकच उपाय सांगतात, तो असा की आपण मोटारीत बसलो आहोत अशी कल्पना करावी. दहा वर्षांच्या मुलीला हे लगेच साधते, कारण ती तशीही आत बसलेलीच असते. पालकाला मात्र आपली प्रतिष्ठा, हुद्दा व पोट यांसह एकदशांश आकाराच्या मोटारीत शिरावे लागते, आणि हा प्रवेश सावकाश होतो.

शिक्षणासाठी मोकळी जागा निवडावी, दोन पाण्याच्या बाटल्या अंतराने उभ्या कराव्या आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा गिरवून घ्यावा. त्यात दोन्ही दिशांची वळणे येतात. वेग अर्ध्यावर बांधून ठेवण्याची सोय पुष्कळ मोटारींत असते, तिचा उपयोग करावा व तो पालकांच्या मोटारीलाही लागू करावा. दीड किलोच्या आसपास वजनाची वस्तू ताशी ५० किलोमीटरने पोटरीवर आली तर ती खेळणे उरत नाही; म्हणून ज्येष्ठ नागरिकांच्या फिरण्याच्या वेळी सोसायटीचे आवार वर्ज्य समजावे. 'डावीकडे घे!' अशी आरोळी मुळीच ठोकू नये. कोणाच्या डावीकडे, हे ठरेपर्यंत तुळशीवृंदावनाचा कोपरा गेलेला असतो.

कलम ५ : शर्यत आणि मार्शल

क्लबाचे मैदान जवळ नसल्यास बागेची रबरी नळी अंथरून मार्ग आखावा. विजेच्या मोटारींची फेरी बहुधा ५ मिनिटांची असते आणि त्या मुदतीत कोण किती प्रदक्षिणा घालतो यावर निकाल लागतो. सबब एकदा सुसाट जाऊन तीनदा उलटणाऱ्यापेक्षा संथपणे न उलटणारा पुढे निघतो, हे मुलाला तोंडाने सांगू नये, मोजून दाखवावे.

या खेळातील सर्वांत शहाणी वहिवाट अशी की, ज्याची फेरी संपली त्याने पुढच्या फेरीत मार्शल म्हणून वळणावर उभे राहावे आणि इतरांच्या उलटलेल्या मोटारी सुलट्या कराव्या. मार्शलची कर्तव्ये मोजकी आहेत : येणारी मोटार पाहून मगच मार्गात पाऊल टाकावे, उलटलेली मोटार उचलून तोंड योग्य दिशेला करून ठेवावी, आपला-परका भेद करू नये, मोटार तेथेच दुरुस्त करीत बसू नये, आणि ती का उलटली यावर प्रवचन देऊ नये. यांतील अखेरचे कर्तव्य पालकांना सर्वांत जड जाते. परंतु ज्याने ते निभावले, त्याला या छंदातच नव्हे, मुलांच्या परीक्षांच्या मोसमातही मार्शलकीची सनद देण्यास हरकत नाही.

कलम ६ : पराभव व बढती

एक दिवस पाल्य जिंकेल. त्या दिवशी उन्हाची तिरीप, झिजलेले टायर, उतरलेली बॅटरी व शेजाऱ्यांचे वाय-फाय यांपैकी कोणतीही सबब दाखल करून घेतली जाणार नाही. विजेत्याच्या मोटारीची तपासणी मागणे हे तर कुलीनांस शोभणारे नव्हेच. मुद्दाम हरण्याचा काळ एव्हाना संपलेला असतो, आणि तो केव्हा संपला हे पाल्याला आपल्याआधी ठाऊक असते.

यापुढे पालकाचा हुद्दा बदलतो. तो आरंभी मालक होता, मग चालक झाला, मग मार्शल. आता तो मेकॅनिक होतो, आणि वरवर पाहता ही पदावनती दिसली तरी ती बढती आहे असे आमचे मत आहे. जपानच्या मसामी हिरोसाका यांनी या खेळातील चौदा जागतिक विजेतेपदे मिळवली. त्यांच्या मोटारी सिद्ध करणारे मेकॅनिक त्यांचे वडीलच होते. यास्तव मोटार उसळत परत आल्यावर कन्येने, वर न पाहता, 'बाबा, मागच्या डॅम्परला जरा जाड तेल घाल' असे फर्मावले, तर तिला वडीलधाऱ्यांशी बोलण्याची रीत शिकवू नये, की डॅम्परविषयीचा आपला सिद्धांत मांडू नये. किती नंबरचे, एवढेच विचारावे.