थोडक्यात गोडी? छे!

आमच्या घरात आटोपशीरपणाला फार मान आहे. लग्नं आटोपशीर, भाषणं आटोपशीर, आमटीत गूळसुद्धा आटोपशीर. अशा घरात वाढलेल्या माणसाला सिंफनिक मेटल आवडावं, हे आमच्या आत्याच्या मते संस्कारांचं अपयश आहे. माझ्या मते तो संस्कारांचाच थेट परिणाम आहे.

ज्यांच्या कानावर हा प्रकार अजून आदळलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. विद्युत गिटार, बास आणि दोन्ही पायांनी बडवायचे ड्रम, हे झालं मेटल. त्याच्या डोक्यावर आख्खा पाश्चात्त्य वाद्यवृंद चढवायचा. व्हायोलिनांचा ताफा, हॉर्न, ट्रंबोन, टिंपनी, सगळं. त्याच्यामागे एक कोरस उभा करायचा, जो बहुतेक वेळा जगबुडी आल्यासारखा गातो. आणि या सगळ्या गदारोळाच्या वर, ऑपेराच्या गायकीची तालीम झालेली एक बाई. यातलं काही कमी करता येईल का, असा प्रश्न या धंद्यात कोणी विचारत नाही. विचारलाच, तर आयर्लंडचे बॅगपाइप वाढवतात. विनोद नाही, नाइटविश या फिनिश बँडमध्ये ट्रॉय डोनॉकली नावाचे गृहस्थ त्याच कामासाठी आहेत.

या नाइटविशचा दहावा अल्बम ‘यस्टरविंड’ २० सप्टेंबर २०२४ रोजी बाहेर आला. तारीख नीट बघा. अनंत चतुर्दशी १७ तारखेला झाली होती आणि पितृपक्ष लागला होता. म्हणजे दहा दिवस कानांचे हाल झाल्यावर संपूर्ण सोसायटी नुकती कुठे शांततेचा आस्वाद घेऊ लागली होती, आणि त्या शुक्रवारी रात्री मी स्पीकर जोडला.

पाचव्या मिनिटाला सेक्रेटरींचा फोन. डीजेच्या भिंतीपुढे खिडक्यांच्या काचा थरथरत असताना ‘वर्षातून एकदाच येतात हो बाप्पा’ म्हणणारे हेच ते गृहस्थ. आवाजात काळजी होती.

“अहो, तुमच्याकडे कोणाचं काही झालंय का?”

“नाही हो. का?”

“बरीच माणसं जमून रडतायत असं वाटलं.”

“कोरस आहे तो. लंडनचा.”

“मग त्यांना म्हणावं, जरा हळू.”

घरातही विरोध होताच. बायकोचं म्हणणं, पक्षपंधरवड्यात नवीन काही घेत नाहीत, आणि तू चक्क सीडी मागवलीस. इथे मात्र माझी बाजू भक्कम होती, कारण हा अल्बमच मुळी पूर्वजांवर आहे. काळ, स्मृती, आपल्या आधी होऊन गेलेली माणसं, हेच त्याचे विषय. ‘परफ्यूम ऑफ द टाइमलेस’ या गाण्याचा मुद्दा असा, की आपण आज इथे आहोत, कारण लाखो वर्षांच्या साखळीतला आपला एकही पूर्वज पोर होण्याआधी मेला नाही. एकाचंही एखाद्या अस्वलापुढे चुकलं असतं, तर आपण नसतो. पितृपक्षाला याहून साजेसं गाणं आपल्या भटजींनाही सुचलं नसतं. बायकोनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग नैवेद्य दाखव आणि बंद कर.”

आत्याची गोष्ट वेगळी. ती गांधर्व महाविद्यालयाची विशारद आहे. बेसूर माणसाला ती घराबाहेर काढू शकते, पण सुरातल्या माणसाला मध्येच थांबवणं तिच्या तत्त्वात बसत नाही. ती डोळे मिटून बसली, तीन मिनिटं ऐकलं आणि निकाल दिला, “बाई सुरात आहे. पण मागच्या लोकांचं तिच्याशी काय भांडण आहे?”

आत्यानं अजाणता या संगीतातल्या सगळ्यात मोठ्या तांत्रिक अडचणीवर बोट ठेवलं होतं. ऑपेरात गायकापुढे माइक नसतो, आणि तरी साठ-सत्तर वाद्यांच्या पलीकडून त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. हे कसं होतं ते स्टॉकहोमच्या योहान सुंडबर्ग या संशोधकानं मोजून दाखवलं. वाद्यवृंदाचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि त्यावर तो उतरत जातो. तालीम झालेला पुरुष गायक घशाची पोकळी अशी काही जमवतो, की त्याच्या आवाजात ३००० हर्ट्झच्या जवळपास एक उंचवटा येतो. तिथे वाद्यं मवाळ असतात आणि माणसाचा कान मात्र तिखट. सोप्रानोची युक्ती निराळी. वरच्या पट्टीत ती जबडा उघडत नेऊन मुखातली पोकळी थेट गाण्याच्या स्वराशी जुळवते. म्हणून आवाज मोठा होतो आणि शब्द मात्र वाफ होऊन जातात. ऑपेरात वरच्या सुरांवर बाई काय म्हणते ते कळत नाही, ते याचसाठी. आत्याला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “म्हणजे तोंड वाकडं केलं म्हणून आम्हाला गुरुजी रागवायचे, ते यांच्याकडे अभ्यासक्रमात आहे.”

आता यात मेटलची गिटार आणा. कर्कश केलेल्या गिटारचा आवाज नेमका हजार ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात पसरून बसतो. बाईला जिथे मोकळी जागा मिळणार, तिथेच गिटारवाला पाय पसरून बसलेला. मग स्टुडिओतला मिक्सिंगवाला मध्ये पडतो. गिटारमधला तेवढा तुकडा खाली दाबतो, व्हायोलिनांना डावी-उजवीकडे सरकवतो, कोरसला मागे ढकलतो आणि मधोमध बाईपुरती जागा करतो. मेटलमधली सोप्रानो माइकवर गाते, आणि तरी तिला ऐकू येण्यासाठी एका माणसाला आठवडे घालवावे लागतात.

शिवाय ही सगळी मंडळी एका खोलीत कधी नसतातच. वाद्यवृंद लंडनमध्ये वाजवतो. ‘वन्स’ या २००४ च्या अल्बमपासून पिप विल्यम्स हे ब्रिटिश गृहस्थ नाइटविशसाठी त्याची रचना करून देत आले आहेत. मंचावर मात्र वाद्यवृंद आणि कोरस दोघंही आधी ध्वनिमुद्रित करून आणलेले. त्यांना चहा लागत नाही, भत्ता लागत नाही, मानापमान तर नाहीच. आपल्या संमेलनवाल्यांनी विचार करावा अशी ही सोय आहे.

बँडचा जन्म १९९६ चा, पूर्व फिनलंडमधल्या किते या गावात. रशियाची हद्द तिथून जवळ, आजूबाजूला तळी आणि जंगल, हिवाळ्यात दिवस नावापुरता. तुओमास होलोपाइनेन या कीबोर्डवाल्याला शेकोटीपाशी बसल्या बसल्या बँडची कल्पना सुचली. आधी बेत होता साध्या, बिनगोंगाटी गिटारवर शांत गाणी करण्याचा. म्हणजे आटोपशीरपणाचा मोह त्यांनाही झाला होता. पण गायिका म्हणून घेतलेल्या तार्या तुरुनेन ऑपेराचं शिक्षण घेत होत्या, आणि त्यांचा आवाज त्या नाजूक गिटारवर असा काही जाऊन आपटला, की त्या आवाजाखाली काहीतरी भक्कम बांधणं भाग पडलं. तेव्हा मेटल आलं. पुढे २००२ च्या ‘सेंच्युरी चाइल्ड’मध्ये वाद्यवृंदही आला.

फिनलंडची लोकसंख्या आहे पंचावन्न लाखांच्या आसपास, आणि दरडोई मेटल बँडच्या बाबतीत हा देश जगात अव्वल मानला जातो. २०१६ साली नॉर्डिक देशांच्या नेत्यांना व्हाइट हाऊसमध्ये मेजवानी होती. तिथे ओबामांनी याचा जाहीर उल्लेख केला आणि पुढे म्हणाले, की सुशासनातही फिनलंड वरच्या क्रमांकावर आहे, या दोन गोष्टींचा संबंध आहे की नाही ते ठाऊक नाही. आमच्या नगरसेवकांना मी हे सांगून पाहिलं. त्यांनी गणपतीच्या मिरवणुकीकडे बोट दाखवलं.

मग २१ ऑक्टोबर २००५. हेलसिंकीच्या हार्टवॉल अरेनात तुडुंब गर्दीत नाइटविशची मैफल झाली. ती संपल्यावर बाकी चौघांनी तार्याबाईंच्या हाती पत्र ठेवलं, की आपला प्रवास इथे संपला. नंतर ते पत्र जगजाहीर केलं. ही हकीकत ऐकून आत्या ताठ बसली. नाटक कंपन्यांची फाटाफूट हा तिचा जिव्हाळ्याचा विषय. “१९१३ साली बालगंधर्व, टेंबे आणि बोडस किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले, तेव्हा केवढा गहजब झाला होता! फरक एवढाच, की आपल्याकडे नायिकेनं कंपनी सोडली. यांच्याकडे कंपनीनं नायिकेला सोडलं.” त्या दिवसापासून ती नाइटविशकडे संगीत म्हणून कमी आणि संगीत नाटक म्हणून जास्त बघते.

दुसरा अंक स्वीडनच्या अनेट ओल्झोन यांचा. त्यांचा गळा ऑपेराचा नव्हता, आणि अर्ध्या चाहत्यांनी त्यांना ते कधी माफ केलं नाही. २०१२ साली अमेरिकेच्या दौऱ्यात त्या आजारी पडल्या, पाठोपाठ त्यांची आणि बँडची फारकत झाली. पुढचा खेळ दोन दिवसांवर होता. नेदरलंड्सच्या फ्लोर यान्सेन यांना फोन गेला. त्यांनी विमान पकडलं, प्रवासात गाणी पाठ केली आणि सिएटलला उभ्या राहिल्या. सहा फूट उंची, ‘आफ्टर फॉरेव्हर’ या बँडमधला विशीच्या आतपासूनचा अनुभव, आणि टिलबर्गच्या रॉक अकादमीचं शिक्षण. हो, तिकडे रॉक संगीताची उच्चशिक्षण संस्था असते. ऐन वेळी उभं राहून अख्खं नाटक तारून नेणाऱ्या नटाबद्दल आपल्याकडे दंतकथा होतात. इथे २०१३ मध्ये बाईंना कायम केलं.

त्याच वर्षी जर्मनीतल्या वाकेन महोत्सवात त्यांनी ‘घोस्ट लव्ह स्कोअर’ हे दहा मिनिटांचं गाणं गायलं. त्या चित्रफितीनं जगभरच्या गायनशिक्षकांना एक नवा उद्योग दिला. कॅमेऱ्यासमोर बसायचं, हेडफोन चढवायचा, ‘मी हे पहिल्यांदाच ऐकतोय’ म्हणायचं आणि दर वीस सेकंदांनी गाणं थांबवून छातीवर हात ठेवायचा. शेवटच्या तानेला बहुतेक जण खुर्चीतून उठतात. काही रडतात. माझ्या आत्यालाही मी ती फीत दाखवली. ती उठली नाही. पण तिची मांडीवरची बोटं थांबली, आणि फीत संपल्यावर तिनं रिमोट मागून घेतला. पुन्हा बघितलं, मध्ये कुठेही न थांबवता. मग म्हणाली, “श्वास कुठे घेते ते कळत नाही. गुरू चांगला असणार.” तिच्या तोंडून याहून मोठी दाद पंडित मंडळींनाही मिळालेली मी ऐकलेली नाही.

होलोपाइनेन यांच्याविषयीही थोडं सांगायला हवं, कारण अल्बमातला सगळा पसारा त्यांच्या डोक्यातून निघतो. हा माणूस डिस्नेचा निस्सीम भक्त. दूरदर्शनवर रविवारी ‘डकटेल्स’ बघून मोठ्या झालेल्या पिढीला अंकल स्क्रूज आठवत असेल, पैशांच्या ढिगात सूर मारणारं ते कंजूष बदक. २०१४ साली होलोपाइनेन यांनी त्याच्या जीवनचरित्रावर आख्खा अल्बम केला, वाद्यवृंदासकट. बदकावर! मुखपृष्ठ काढून दिलं ते त्या चरित्राचे चित्रकार डॉन रोसा यांनी. लगेच २०१५ मध्ये नाइटविशसाठी विषय घेतला उत्क्रांतीचा. चोवीस मिनिटांचं गाणं, आणि निवेदनाला साक्षात रिचर्ड डॉकिन्स. आमच्याकडे शाळेत जीवशास्त्राच्या सरांनी हा धडा दोन तासिकांत उरकला होता, आणि वाद्यवृंद तर नव्हताच.

त्यामुळे नव्या अल्बममध्ये काय काय असेल याला सुमार नव्हता. बारा गाणी, लांबी सव्वा तासाला थोडीच कमी. एक गाणं टोंगाच्या सहा मुलांवर आहे. १९६५ साली ही मुलं होडी घेऊन पळाली, वादळात सापडली आणि ‘आता’ नावाच्या ओसाड बेटावर पंधरा महिने राहिली. ती भांडली तरी फुटली नाहीत, उपाशी मेली नाहीत, एकाचा पाय मोडला तर बाकीच्यांनी बसवला. शेवटी पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन दर्यावर्दीनं त्यांना सोडवलं. सहा मुलं पंधरा महिने गुण्यागोविंदानं राहिली, यावर त्या बँडनं गाणं का केलं असेल, हे त्यांचा इतिहास वाचलेल्याला सांगायला नको.

एवढं सगळं रचून झाल्यावर बँडनं सांगितलं, की या अल्बमसाठी दौरा करणार नाही. म्हणजे जे काही ऐकायचं ते घरी, आपापल्या सेक्रेटरींच्या परवानगीनं.

आता माझी तक्रार. या खेपेला कोरसनं हद्द केली आहे. पन्नास जणांची वाट अडवून उभा राहणारा आवाज ज्या बाईकडे आहे, तिला बऱ्याच गाण्यांत मिक्सिंगवाल्यानं गर्दीत ढकलून दिलं आहे. कान देऊन शोधावं लागतं. ‘लँटर्नलाइट’ या शेवटच्या गाण्यात मात्र पसारा आवरतो, पियानो आणि बाई समोर येतात, आणि इतका वेळ आपण कोणाला शोधत होतो ते कळतं.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांनी ‘परफ्यूम ऑफ द टाइमलेस’पासून सुरुवात करावी. चांगला हेडफोन घ्यावा, फोनच्या स्पीकरवर ऐकू नये. त्यात अख्खा वाद्यवृंद डबीत कोंबल्यासारखा वाजतो. शब्द कळले नाहीत तर वाईट वाटून घेऊ नये, कारण सांगून झालं आहे. आणि पहिली पाच मिनिटं डोकं दुखलं तरी सहाव्या मिनिटाची वाट बघावी. अल्बम चांगला आहे. बाईंचा आवाज आणखी थोडा वर हवा होता. बाकी त्यातलं एक ट्रंबोनसुद्धा कमी केलेलं मला चालणार नाही.