कुणी जिंकलं ते सांगू नका

क्रिकेटची मॅच चुकलेला माणूस भेटेल त्याला स्कोअर विचारत सुटतो. सायकलची रेस चुकलेला माणूस भेटेल त्याला चुकवत सुटतो. न जाणो, कुणी निकाल सांगून मोकळा झाला तर? या दुसऱ्या जातीची माणसं पुण्यात, बंगळुरूत थोडीफार सापडतात. रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूर रोडवरच्या भनपुरीत मात्र एकच नग आहे. लाकडाच्या वखारी, ट्रकची गॅरेजं आणि वजनकाटे यांच्या गराड्यात एका घराच्या वरच्या मजल्यावर हा नग सपत्नीक राहतो. गल्लीतली पोरं त्याला ‘साइकिल वाले अंकल’ म्हणतात, महाराष्ट्र मंडळातली मंडळी नुसतं ‘काका’ म्हणतात. काकांना सायकल चालवताना आजवर कुणी पाहिलेलं नाही. ते स्कूटरने जातात.

काकांची नोकरी उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये, आणि जुलैत नेमकी सेकंड शिफ्ट, दुपारी 2 ते रात्री 10. जुलै म्हणजे टूर द फ्रान्सचा महिना. 23 दिवस, 21 टप्पे, मध्ये दोन दिवस विश्रांती, एकूण साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास. उन्हाळ्यात फ्रान्सचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. तिथे संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला टप्पा संपतो तेव्हा भनपुरीत रात्रीचे नऊ वाजलेले असतात आणि काका तापलेल्या सळ्यांपुढे घाम पुसत असतात. म्हणून रेकॉर्डिंग. घरी यायचं, हातपाय धुवायचे, ताट मांडीवर घ्यायचं आणि जगाने रात्री नऊला पाहिलेली रेस अकराला ‘लाइव्ह’ सुरू करायची.

खरं तर भनपुरीत काकांना निकाल सांगायचा म्हटलं तरी सांगणार कोण? पानठेल्यावर धानाचा भाव, ट्रकचं भाडं, धोनी आणि पावसाचा अंदाज यांपलीकडे गाडी जात नाही. टूरविजेता तादेय पोगाचार हे नाव घेतलं तर पानवाला ‘सादा कि मीठा?’ एवढंच विचारेल. पण काका जोखीम घेत नाहीत. संध्याकाळी पाच वाजले की फोन एअरप्लेन मोडवर. सुटताना कुणाच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही. एकदा रात्री दहाला गेटवरचा चौकीदार मागे धावत आला, ‘‘साहब, वो टायर…’’ काकांनी दोन्ही कानांवर हात ठेवले, ‘‘कल! कल बताना!’’ म्हणून ओरडले आणि स्कूटरला किक मारली. मागचं चाक पंक्चर होतं. भनपुरीपर्यंत ते रिमवर आले, पण निकाल शाबूत आला.

सेट-टॉप बॉक्सवर सायकल रेस रेकॉर्ड करणं हे येऱ्यागबाळ्याचं काम नव्हे. क्रिकेटमध्ये षटकं ठरलेली असतात. सायकलवाले वाऱ्याच्या मर्जीवर असतात. आयोजकसुद्धा टप्प्याचं वेळापत्रक छापताना कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन वेगांच्या तीन वेळा देतात. बॉक्सला हे कसं कळावं? तो आपला ठरल्या मिनिटाला बंद. पहिल्याच वर्षी समोरून वारा आला, रेस लांबली आणि शेवटचे तीन किलोमीटर रेकॉर्डिंगमधून गायब झाले. तेव्हापासून काका पुढचा कार्यक्रमही रेकॉर्डला लावून ठेवतात. तो बहुतेक वेळा स्नूकरचा असतो. आज त्यांच्या डिस्कवर जगातल्या कुठल्याही स्नूकरप्रेमीला हेवा वाटावा असा संग्रह आहे आणि काकूंना काळा चेंडू सात गुणांचा असतो हे पाठ आहे.

2019 साली या व्यवस्थेची खरी कसोटी लागली. तारीख 26 जुलै, टप्पा एकोणिसावा, तीन्यच्या चढावर संपणारा. एगान बेर्नाल इझराँच्या घाटात सगळ्यांना मागे टाकून 2,770 मीटर उंचीच्या माथ्यावर पोचला, उतारावर निघाला. काका ताट बाजूला ठेवून पुढे सरकले. आणि पडद्यावर एकदम मोटारी, छत्र्या, रेनकोट. सायकलपटू गाड्यांत बसताहेत! काकांनी रिमोट आपटला. बॉक्स बंद करून चालू केला. वायरी काढल्या, फुंकल्या, लावल्या. मागे नेलं, पुढे नेलं. दर वेळी तोच गोंधळ. रात्री साडेबाराला डिशवाल्याला फोन. तो बिचारा दुसऱ्या दिवशी येऊन नवी केबल टाकून पैसे घेऊन गेला. केबल निर्दोष होती. तिकडे खरोखरच गारपीट झाली होती, पुढच्या रस्त्यावर चिखल वाहून आला होता आणि आयोजकांनी रेस मध्येच थांबवून माथ्यावरचेच वेळ ग्राह्य धरले होते. त्या टप्प्याला विजेताच नव्हता. निकालापासून एवढं जपावं आणि आत निकालच असू नये! बेर्नालला मात्र त्या दिवशी एकूण आघाडीची पिवळी जर्सी मिळाली आणि दोन दिवसांनी टूर जिंकणारा तो पहिला कोलंबियन ठरला.

पाऊस हा काकांचा जुना वैरी. फ्रान्समध्ये मोटारसायकलवरचे कॅमेरे जी चित्रं टिपतात ती आधी आकाशातल्या हेलिकॉप्टर-विमानांकडे जातात आणि मग शेवटच्या रेषेपाशी उतरतात. तिथे ढग दाटले की चित्र फाटतं. इकडे भनपुरीत जुलैत धो धो कोसळायला लागलं की छतावरच्या डिशचे सिग्नल पावसाच्या थेंबांतच जिरतात आणि रेकॉर्डिंगमध्ये सगळे सायकलपटू चौकोनी होतात. आल्प्समध्ये लख्ख ऊन असावं आणि घाटातला निर्णायक हल्ला भनपुरीच्या सरीने खावा, यावर काका निसर्गाला जे बोलतात ते काकू शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून खिडकी लावून घेतात.

अलीकडे काका मोबाइलच्या ॲपवरचं रेकॉर्डिंग टीव्हीला जोडतात. त्यात नवं संकट. खाली पट्टी दिसते, किती संपलं आणि किती उरलं. पळून पुढे गेलेल्यांना तीन मिनिटांची आघाडी आहे आणि रेकॉर्डिंगची पाचच मिनिटं उरली आहेत, म्हणजे मागचा घोळका त्यांना काही गाठत नाही, हे न बघताच कळतं. उलट अर्धा तास उरला असेल तर बक्षीस समारंभ, मुलाखती सगळं आहे, हेही कळतं. काकांनी टीव्हीच्या खालच्या कडेला दूध डेअरीच्या कॅलेंडरचा जाड पुठ्ठा चिकटपट्टीने लावला आहे. त्यामुळे पट्टी झाकली जाते. बातम्या बघताना मंत्र्यांची नावंही झाकली जातात, पण त्याबद्दल घरात कुणाची तक्रार नाही.

काकूंचा रेसशी संबंध वेगळा. 2017 पासून टूरचा प्रत्येक टप्पा पहिल्या किलोमीटरपासून शेवटापर्यंत दाखवतात. सपाट टप्प्यावर त्यातले चार तास काहीही घडत नाही. चौघे-पाचजण पुढे पळतात, शेवटच्या दहा किलोमीटरांत त्यांना गाठतात आणि मग काही सेकंदांची झुंबड. त्या चार तासांत हेलिकॉप्टरवाला गढ्या, मठ, सूर्यफुलांची शेतं दाखवत फिरतो. समालोचकांना वाटेतल्या वास्तूंची माहिती आधीच छापून मिळते, ती ते वाचून दाखवतात. काकूंची रेस ती. 2016 ची टूर समुद्रातल्या माँ साँ मिशेलच्या मठापासून निघाली, तेव्हा पहिला अर्धा तास रिमोट त्यांनीच ताब्यात ठेवला होता. कार्कासोनची तटबंदी त्यांना बुरुजानिशी ठाऊक आहे. पिवळी जर्सी कुणाची हे विचारलं तर ‘‘त्या कोवळ्या पोराची’’ म्हणतात. गेली कित्येक वर्षं हे उत्तर बहुधा बरोबर येतं.

फॉरवर्डच्या बटणावरून दोघांत रोज बाचाबाची.

‘‘अहो, थांबा की, तो वाडा गेला.’’

‘‘अगं, इथे ब्रेकअवे सुटतोय!’’

‘‘तो सुटलेला दहा किलोमीटर आधी पकडणारच आहेत. वाडा कोण परत दाखवणार?’’

गल्लीला या प्रकरणात रस निर्माण झाला तो एकदाच. 2013 च्या शंभराव्या टूरचा पहिला टप्पा कॉर्सिका बेटावर बास्तियाला संपणार होता. रेस येऊन ठेपली आणि एका संघाची बस शेवटच्या रेषेवरच्या कमानीखाली अडकून बसली. मागे येईना, पुढे जाईना. शेवटची रेषा तीन किलोमीटर अलीकडे आणायचं जाहीर झालं, मग पुन्हा मूळ जागी. काकांकडे त्या रात्री खालच्या ट्रक गॅरेजचे मिस्त्री पाण्याची मोटर बघायला आले होते. हातात पाना तसाच धरून त्यांनी पडद्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, ‘‘चक्का के हवा निकाल दव, निकल जाही.’’ तिकडे तेच केलं. टायरची हवा काढली, बस खाली बसली आणि सुटली. दुसऱ्या दिवशी गॅरेजमधली झाडून सारी पोरं ते रेकॉर्डिंग बघायला वर आली. मग कोण जिंकलं (मार्सेल किटेल) हे मात्र एकानेही विचारलं नाही.

पॅरिस-रूबेचं तितकं जमलं नाही. एप्रिलमधली ही रेस 1896 पासूनची. अडीचशेहून अधिक किलोमीटर, त्यातले पन्नासहून जास्त दगडी फरसबंदीचे. चिखल, पंक्चर, मोडलेली हाडं. आणि जिंकणाऱ्याला पाटीवर बसवलेला त्याच रस्त्यातला एक दगड. शेजारच्या मावशी हळद मागायला आल्या होत्या, त्यांनी तो सोहळा पाहिला. ‘‘अतेक दुख पाके पथरा दिहिन?’’ एवढंच त्या बोलल्या आणि वाटी घेऊन गेल्या. काकांना त्यावर अजून उत्तर सुचलेलं नाही.

मे महिन्यात इटलीतली रेस, जिरो द’इटालिया. रायपुरात पारा चव्वेचाळीसला टेकलेला, कूलर खिडकीत गडगडतोय, समालोचनाचा एक शब्द ऐकू येत नाही आणि पडद्यावर माणसं दोन्ही बाजूंच्या बर्फाच्या भिंतींतून कुडकुडत चालली आहेत. 1988 ची गाव्हियाच्या घाटातली हिमवृष्टी काका जुन्या फितीवर अशा वेळी मुद्दाम लावतात. त्यांच्या मते पाहुण्यांना सरबताऐवजी ही फीत दाखवली तरी चालते.

काकांचा आवाज वर्षातून एकदाच सुटतो. 2020 साली करोनामुळे टूर सप्टेंबरवर गेली होती. 19 सप्टेंबरला शेवटून दुसऱ्या टप्प्यात, घड्याळाविरुद्धच्या 36 किलोमीटरच्या वैयक्तिक शर्यतीत, प्रिमोझ रोग्लिच 57 सेकंदांची आघाडी घेऊन उतरला आणि वाकडं हेल्मेट सांभाळत ती गमावून बसला. एकविशीतल्या पोगाचारने टूर 59 सेकंदांनी मारली. मध्यरात्र उलटून गेली होती. काका खुर्चीवर उभे राहून किंचाळले. त्याच संध्याकाळी आयपीएलची सलामीची मॅच होऊन चेन्नईने मुंबईला हरवलं होतं. समोरच्या गच्चीवरून आवाज आला, ‘‘अंकल, धोनी तो कब के जीत गे!’’

असा माणूस गल्लीतल्या साध्या सायकलींना तुच्छ लेखत असेल असं वाटेल, पण तसं नाही. पहाटे उरला, सिलतराकडे डबे बांधून जाणारे कामगार काका खिडकीतून न्याहाळतात. सीट किती खाली, गिअर नाहीच, तरी बाजूने वारा आला की सगळे आपोआप तिरकी रांग धरतात आणि पुढचा दमला की मागचा पुढे येतो, हे त्यांनी हेरलं आहे. 2018 साली बर्ट ब्लॉकन यांच्या अभ्यासात निघालं की मोठ्या घोळक्याच्या पोटात असलेल्याला एकट्याच्या 5 ते 10 टक्केच वारा सोसावा लागतो. काका ते बिलासपूर रोडवरच्या भरल्या ट्रकमागे चिकटलेल्या मोपेडवाल्याचं उदाहरण देऊन सांगतात. नववीतल्या मुली सरस्वती सायकल योजनेच्या सायकली घेऊन निघाल्या की ते त्यांचा क्रमही मनात लावतात. नागपूरच्या डॉ. अमित समर्थांबद्दल तर त्यांना भक्तीच आहे. 2017 साली एका रेसमध्ये अमेरिकेचा पश्चिम किनारा ते पूर्व किनारा, सुमारे 4,800 किलोमीटर, बारा दिवसांच्या मुदतीत एकट्याने. त्या रेसचं सलग चित्रण मिळत नाही ही काकांची खंत. काकूंनी त्यावर एकदाच विचारलं होतं, ‘‘बारा दिवस आणि बारा रात्री? ठेवणार कुठे होता, स्नूकर काढून?’’

रविवारी मात्र सगळा आजार उघडा पडतो. शिफ्ट नाही, रेस थेट चालू, टीव्ही समोर. काका टीव्ही लावत नाहीत. बॉक्सवरचा लाल दिवा रेकॉर्डिंग करत असतो आणि ते आतल्या खोलीत पेपर धरून बसतात. थेट बघताना मागे नेता येत नाही, पुढे नेता येत नाही, जेवताना थांबवता येत नाही. असल्या रेसला अर्थ काय, असं त्यांचं म्हणणं.

म्हणून 2026 च्या जानेवारीत त्यांची पंचाईत झाली. पुणे ग्रँड टूर ही अनेक टप्प्यांची आंतरराष्ट्रीय रेस चक्क पुणे जिल्ह्यातल्या रस्त्यांवर आली आणि पुण्यातल्या पुतण्याने कडेला उभं राहून व्हिडिओ कॉल लावला.

‘‘काका, आले आले! हे बघा, पुढे तिघं आहेत!’’

‘‘चेहरे दाखवू नकोस!’’ काका ओरडले. ‘‘नंबरही नको! रात्री बघणार आहे मी!’’ आणि फोन तांदळाच्या डब्यावर पालथा घातला.

डब्यावरून शिट्ट्या आल्या, मोटारसायकलींची घरघर आली, पोरांचा जल्लोष आला. तीस-चाळीस सेकंदांत अख्खी रेस निघून गेली. तेव्हा काकूंनी फोन उचलला.

‘‘काय रे, मागे तो उंच बुरुज दिसतोय तो कुठल्या किल्ल्याचा?’’

‘‘काकू, ती ग्रामपंचायतीची पाण्याची टाकी आहे.’’

‘‘असू दे,’’ काकू म्हणाल्या, ‘‘जरा जवळून दाखव.’’