वाहनयोग

जन्मकुंडलीतील चतुर्थ स्थानावरून वाहनसौख्य पाहतात आणि शुक्र हा वाहनाचा कारक ग्रह मानतात, ही माहिती मला आप्पांमुळे झाली. कारण भूसंपादनाच्या ऐन धामधुमीत त्यांनी आपला सातबारा जितक्या जणांसमोर उलगडला नसेल, तितक्या जणांसमोर गेल्या दोन वर्षांत आपली कुंडली उलगडली आहे. चतुर्थात शुक्र आहे, तो स्वगृहीचा आहे, वाहनयोग प्रबळ आहे, इथपर्यंत सर्व ज्योतिषांचे एकमत होते. परंतु तो शुक्र मर्सिडीजचा की बीएमडब्ल्यूचा, या प्रश्नाशी येऊन प्रत्येकाने आपले पंचांग मिटले आणि दक्षिणा घेऊन काढता पाय घेतला.

चाकणच्या आसपासच्या गावांतून कोणीही सहज हिंडावे, त्यास एक तरी आप्पा भेटल्यावाचून राहणार नाही. ज्या रानात वडिलांच्या हयातीत कांदा आणि भुईमूग निघत होता, त्या रानात पुढे पत्र्याचे प्रचंड कारखाने उगवले. मोबदल्याची रक्कम खात्यावर जमा झाली. तिच्यातून प्रथम बंगला, मग ग्रामदैवताच्या देवळाला कळस, मग एक इनोव्हा, असा क्रमाक्रमाने विनियोग होत होत उरलेली शिल्लक एका उदात्त ध्येयाची वाट पाहत राहिली. मी मामलेदार कचेरीत एकतीस वर्षे कारकुनी केली असल्यामुळे, ज्या कागदाखाली बारीक अक्षर आहे असा कोणताही कागद हाती आला की ‘भाऊसाहेब, जरा बघा’ म्हणून तो माझ्याकडे घेऊन यायचा, असा या आप्पांचा शिरस्ता आहे. त्यामुळे गाडीच्या प्रकरणातही माझी नेमणूक, विनावेतन, आपोआप झाली.

प्रकरण असे होते. मर्सिडीजची जीएलई आणि बीएमडब्ल्यूची एक्स-फाइव्ह, या दोहोंपैकी एक घ्यायची. किंमत दोहोंची कोटीच्या आगेमागे, म्हणजे पैशाने निवाडा होण्याची सोय नाही. मर्सिडीजच्या बाजूने मुख्य दावा असा, की ती गावची. कंपनी हिंदुस्थानात आली १९९४ साली. पुढे चाकणला सुमारे शंभर एकरांत कारखाना घालून २००९ पासून ती इथलीच रहिवासी झाली. उलट बीएमडब्ल्यू येते चेन्नईहून. आप्पांनी या मुद्द्यावर दुकानातील तरुणापुढे जो युक्तिवाद केला, तो एखाद्या नामांकित वकिलासही सुचला नसता. ‘चेन्नईवरनं यायची तर तिला भाडं पडतं, ते मी समजू शकतो. तुमची गाडी तर आमच्या बांधापलीकडं होती. मी स्वतः फाटकावरनं चालवत घेऊन येतो. तेवढे वाहतुकीचे वजा करा.’ तरुणाने हसून चहा मागवला. दोन वर्षांत त्या दोन दुकानांतून आप्पांनी जितका चहा प्यायला, त्याचा हिशोब कोणी ठेवला असता, तर सवलत केव्हाच दिली गेली आहे असे निघाले असते.

परीक्षेची पद्धत मात्र आप्पांची स्वतःची, म्हणजे खरे तर त्यांच्या आज्याची. चाकणचा जनावरांचा बाजार त्यांनी लहानपणापासून पायाखाली घातलेला. बैल दोन दाती की सहा दाती, वशिंड भरलेले की लोंबते, अंगावरचा भोवरा शुभ की मालकाला खाणारा, हे त्यांना दुरून कळते. तीच दृष्टी त्यांनी या दोन जर्मन जनावरांवर रोखली. मर्सिडीजच्या तोंडावर मधोमध चांदणी आहे, ही गोष्ट त्यांना फार भावली. कपाळावर चांद असलेला बैल घराला बरकत आणतो, अशी त्यांची श्रद्धा. परंतु बीएमडब्ल्यूसमोर उभे राहिल्यावर तिच्या त्या दोन उभ्या, रुंद जाळ्या पाहून ते क्षणभर स्तब्ध झाले आणि मला कोपराने ढोसून म्हणाले, ‘भाऊसाहेब, नाकपुड्या बघितल्या का? जनावर दमाचं आहे.’ नंतर त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली, चाकाशी उकिडवे बसून खूर पाहावा तसा टायर पाहिला आणि मागे गेले. एक्स-फाइव्हचे मागचे दार दोन भागांत उघडते. वरचा भाग वर जातो, खालचा आडवा होतो. त्या आडव्या फळीवर आप्पा बसले, पाय खाली सोडून हलवू लागले, आणि बैलगाडीच्या मागे असेच बसून यात्रेला जात असल्याची आठवण निघून त्यांचा कंठ दाटून आला. ‘इथं बसून भाकरी खाता येईल,’ ते म्हणाले. दुकानातील मुलीने आदराने मान डोलावली. एवढ्या महत्त्वाच्या उपयोगाचा उल्लेख कंपनीच्या माहितीपत्रकात कसा राहून गेला, याचे तिला वाईट वाटले असावे.

चालवून पाहण्याचे काम पुतण्याकडे होते. त्याचा हात इनोव्हावर बसलेला. म्हणजे वळायचे झाले की इंडिकेटरसाठी उजव्या बाजूची दांडी हलवायची. जर्मनांनी इंडिकेटर डावीकडे ठेवला आहे. मर्सिडीजमध्ये उजवीकडच्या दांडीला गियर असतो, हे पुतण्याला तोंडी सांगितले होते, पण हाताला कोणी सांगितले नव्हते; त्यामुळे तळेगाव चौकात वळताना त्याने सवयीने दांडी उडवली आणि गाडी गियरातून सुटून, बैलाची शिवळ काढल्यावर जू सैल पडावे तशी, निवांत झाली. दुसऱ्या दिवशी बीएमडब्ल्यूत तोच हात तसाच चालला, तेव्हा भर उन्हात काचेवर वायपर सपासप फिरू लागले. दोष गाड्यांचा नव्हे, हाताच्या वळणाचा. परंतु आप्पांनी दोन्ही घटना शकुन म्हणून टिपून ठेवल्या. बाकी वेगाची परीक्षा झालीच नाही. ताशी दोनशेच्या वर पळणारी ती वाहने चाकणच्या रहदारीत कांद्याच्या टेम्पोमागे चाळीस मिनिटे उभी होती, आणि त्या चाळीस मिनिटांत दोहोंमधील फरक मला तरी आढळला नाही.

सौदा करण्याचीही जुनी रीत आहे. बाजारात दलाल हातावर उपरणे टाकतो आणि त्याखाली बोटे दाबून भाव सांगतो, म्हणजे चारचौघांत आकडा फुटत नाही. आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल त्या तरुणाच्या हातावर पसरला, आत हात घातला आणि अतिशय गंभीर मुद्रेने त्याची चार बोटे दाबली. चार लाख कमी कर, असा त्याचा सरळ अर्थ. तरुणाने घाबरून आप्पांच्या डोळ्यांत पाहिले आणि हळूच विचारले, ‘सर, पाणी आणू का?’

माझ्याकडे आले ते करांचे कलम. एसयूव्ही म्हणजे काय, याची व्याख्या जीएसटीच्या कारभाराने मोजणीदाराच्या काटेकोरपणाने केलेली आहे: लांबी ४,००० मिलिमीटरहून अधिक, इंजिन १,५०० सीसीहून मोठे आणि पोट जमिनीपासून किमान १७० मिलिमीटर वर. या व्याख्येत बसणाऱ्या वाहनावर पूर्वी २८ टक्के कर आणि २२ टक्के उपकर, असे मिळून ५० टक्के पडत. शिवाय वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला महाराष्ट्र सरकारचा १५ टक्के वाहनकर, म्हणजे कोटीला पंधरा लाख. ही फर्द मी आप्पांपुढे ठेवली, ती केवळ त्यांचे डोळे उघडावेत म्हणून. पण दैव पाहा, २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्क्यांवर आला आणि दोन्ही गाड्यांच्या किमती काही लाखांनी उतरल्या. तेव्हापासून आप्पा पारावर बसून सांगतात, ‘घाई केली असती तर बुडालो असतो.’ सरकार आपल्याला पाहून नमले, याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र संदेह नाही, आणि आणखी थोडे थांबल्यास ते आणखी नमेल, अशी त्यांची अटकळ आहे.

एक गोष्ट मात्र ठरली आहे: गाडीचा नंबर. तो ४१४१. इंग्रजी अंक जरा वळवून रंगवले की त्याचे ‘दादा’ होते. तुम्हाला तर सारे आप्पा म्हणतात, अशी शंका मी काढली, तेव्हा ‘आप्पा आकड्यांत बसत न्हाई’ असे थोड्या खेदाने उत्तर आले. नव्या पाटीवर अशी रंगरंगोटी कायद्याने चालत नाही, हे मी त्यांना अद्याप सांगितलेले नाही. सर्वच कागद एका दिवसात वाचून दाखवू नयेत, असा माझा कचेरीतला अनुभव आहे.

खरे सांगायचे तर आप्पांना गाडीची निकड नाही आणि मला आता त्यांच्या निर्णयाची घाई नाही. जनावर दावणीला बांधले की त्याचे कौतुक आठ दिवस टिकते. परंतु ‘घेणार आहेत’ हा किताब असा आहे, की त्याच्या जोरावर दोन वर्षे दोन दुकानांतून फोन येतात, दसऱ्याला मिठाई येते, पाडव्याला माणूस येतो, पारावर जागा करून दिली जाते आणि लग्नाच्या मांडवात ज्याने आयुष्यात स्वतः सायकलही घेतलेली नाही असा गृहस्थ जवळ सरकून, ‘आप्पा, माझं ऐकाल तर मर्सिडीज’ असे कानात सांगतो. ज्यांनी गाड्या घेतल्या, त्यांना कोण विचारतो? त्यांना फक्त हप्ता विचारतात.

परवा मी गेलो तेव्हा दोन्ही माहितीपत्रके ओट्यावर उघडी पडली होती, कोपऱ्यांवर वाऱ्यासाठी एकेक कांदा ठेवलेला, आणि पलीकडे आप्पांच्या मातोश्री, वय नव्वदीच्या घरात, सुपात शेंगा फोडत बसल्या होत्या. आप्पा चांदणीपासून नाकपुड्यांपर्यंत सर्व युक्तिवाद मला पुन्हा पहिल्यापासून ऐकवत होते. म्हातारीने बराच वेळ ऐकून घेतले, टरफले फुंकून बाजूला केली आणि वर न बघता म्हणाली, ‘आरं, येका बैलावर कुठं नांगर चालतोय? जोडी कर की.’

आप्पा गप्प झाले. दोन वर्षांत इतके गप्प झालेले मी त्यांना पाहिले नव्हते. त्यांनी कांदे उचलले, दोन्ही माहितीपत्रके एकमेकांशेजारी नीट जुळवून ठेवली, मान तिरकी करून पाहिली, मग डावीकडचे उजवीकडे ठेवले, पुन्हा पाहिले, आणि माझ्याकडे वळून काळजीच्या सुरात विचारले,

‘भाऊसाहेब, पण मग उजव्या अंगाला कुठली जुंपायची?’